नवसाचा तोडा

वाटीतली हळद पुरणार नाही असं वाटलं, म्हणून ठमाबाई ओसरीवरून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर चिंचेखाली भागू हत्तीण त्यांची वाट पाहत उभी होती. वीर धरणातून पाणी सोडल्याला चार दिवस झाले होते आणि नीरेचा आवाज मळ्यातून घरापर्यंत येत होता. पावसाळ्याचे महिने सर्कस निरवांगीला मुक्कामी असे. तंबू गुंडाळून शेडमध्ये, कसरतवाले आपापल्या गावी, आणि भागू घरासमोर.

पन्नास वर्षांचा नेम होता. भागूचे पाय धुवायचे. डाव्या पुढच्या पायातल्या पितळी तोड्याभोवती हळद भरायची. कपाळाला कुंकू लावायचं, गूळ-भाकरी सोंडेत द्यायची, आणि तिनं खाल्ल्यावरच आपण काही खायचं. लग्न होऊन ठमाबाई या घरात आल्या त्याच महिन्यात सासऱ्यांनी हे पाच वर्षांचं पिल्लू आणलं होतं. सुनेच्या पायगुणानं गजानन घरी आला म्हणून मालकीचा दाखलाही त्यांनी सुनेच्याच नावानं केला. पुढं सर्कस कुठं कुठं फिरली, पण ठमाबाई कधी घरी राहिल्या नाहीत. नेम तंबूबरोबर फिरत राहिला.

"आई, आज जरा लवकर उरक," ओसरीवर कागद पसरून बसलेला यशराज म्हणाला. "तुझी सही पायजे. उद्या मुदत संपती."

"नेम उरकायचा नसतो रं यशा. करायचा असतो."

त्या चिंचेकडे निघाल्या. त्यांना पाहताच भागूनं डावा पाय उचलून हवेत धरला. तोड्याच्या कडीतली साखळी खळकन वाजली. रोज व्हायचं तसंच आजही ठमाबाईंच्या अंगावर काटा आला. एवढा डोंगराएवढा जीव, आणि आपल्याला पाहून पाय उचलून नमस्कार करतो! देवानं भक्तापुढं वाकावं तसं. त्यांनी पाणी ओतलं, पाय धुतला, आणि तोड्याच्या वरच्या बाजूला बोटांनी हळद दाबून दाबून भरली. अलीकडे हळद जास्त लागत होती.

*

महिपतींना ओसरीवरून हे सगळं दिसत होतं. ठमाबाईंचे धाकटे दीर, वय बहात्तर. थोरले भाऊ, म्हणजे ठमाबाईंचे यजमान दत्तोबा यांच्या मागं सर्कस पुतण्याच्या हाती गेली, तरी भागूचं शिक्षण महिपतींचं. चौरंगावर बसणं, घंटा वाजवणं, पाहुण्याच्या गळ्यात हार घालणं, सगळं त्यांनी शिकवलं होतं. फक्त तो पाय उचलून नमस्कार तिचा ती शिकली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपोआप करायला लागली. महिपती गावोगाव सांगत, "ह्यो मी न्हाय शिकवला. ही तिची भक्ती."

"वाचून दाखव रं एकदा," ते यशराजला म्हणाले. "वहिनींना कळू दे कशावर सही करायची ती."

ठमाबाई हात पुसत आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. भाकरीचं ताट त्यांनी मांडीवर घेतलं. भागूचं खाणं अजून व्हायचं होतं.

यशराजनं थोडक्यात सांगितलं. फिरत्या सर्कशीत यापुढं कुठलाच प्राणी खेळ करणार नाही, असा सरकारनं मसुदा काढला होता. वाघ-सिंह मागंच गेले, अस्वलं गेली. आता हत्ती, घोडे, कुत्री, पोपटसुद्धा. ज्यांच्याकडं आहेत त्यांनी ते निवारा केंद्रात द्यायचे. ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी मुदतीत लिहून कळवायचं. "आपण हरकत घ्यायची. आमच्याकडं प्राणी पोटच्या पोरागत सांभाळला जातो. सोबत जनावराच्या डॉक्टरचा दाखला जोडायचा, की हत्तीण धडधाकट हाय. डॉक्टर आपल्या घरातच हाय."

"केंद्र कुठं असतंय?" ठमाबाईंनी विचारलं.

"लांब. दुसऱ्या राज्यात बी असंल."

मांडीवरच्या भाकरीवर ठमाबाईंनी फडकं नीट केलं. भागू दुसऱ्या राज्यात, आणि आपण इथं. मग उद्या सकाळी पहिला घास कसा घ्यायचा, एवढाच प्रश्न त्यांच्या मनात आला. वय अडुसष्ट, उपासांनी शरीर हलकं झालेलं. मरणाचं भय त्यांना नव्हतं. नेम मोडून जगण्याचं होतं.

"अशी कशी नेतील?" त्या हळूच म्हणाल्या. "आण तो कागद."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. उत्कर्षा बारामतीहून आली होती. यशराजची थोरली, जनावरांची डॉक्टर होऊन तिला सहाच महिने झाले होते. तिनं पाठीवरची पिशवी काढली, आजीच्या पाया पडली आणि उभ्यानंच चिंचेकडे पाहिलं.

"या डॉक्टरीणबाई!" महिपती म्हणाले. "म्हशीच्या पोटात हात घालून आलात, आता हत्तीच्या कागदावर तेवढा अंगठा उठवा."

"हात धुतलेत तात्या. पण आधी पाय बघते."

"कुणाचा?"

"भागूचा. डावा. तोडा काढून."

नीरेचा आवाज तेवढा मोठा झाल्यासारखा वाटला.

"तोडा काढून?" यशराज हसला, पण ते हसू पुरतं आलं नाही. "तुला ठावं हाय ना तो कशाचा हाय?"

उत्कर्षाला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. ठमाबाईंना लागोपाठ दोन मुलं होऊन गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी भागूपुढं पदर पसरला, की पोर जगलं तर तुझ्या पायात पितळी तोडा घालीन. पोर जगलं, ते यशराज. बारामतीच्या कासारानं तोडा घडवला, आणि भागू वाढेल तसे त्यात जोड घातले. शेवटचा जोड यशराजच्या लग्नात घातला. पुढं कासार गेला, त्याच्या पोरांनी दुकान मोडलं. नवसाची वस्तू, देवाला वाहिलेली. ती काढायचा विचार कुणाच्या मनात आला नाही. साखळीची कडीही मग त्यातच अडकवली.

"दिलेलं माघारी घेत्यात व्हय?" ठमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नाही. "तोड्याला हात लावायचा न्हाय, बाळ. बाकी काय तपासायचं ते तपास."

"मग दाखला नाही देता येणार आजी."

"न्हाय देता येणार?" यशराज उठलाच. "साडेपाच वर्षं शिकलीस ती कुणाच्या पाठीवर? ह्याच भागूच्या. गावोगाव ती उभी ऱ्हायली म्हणून तू पुस्तकं घेतलीस. आणि आता तिचाच कागद अडवतीस?"

"म्हणूनच अडवतेय पप्पा." उत्कर्षा म्हणाली. "आणि आजच सांगते, नंतर कुणाकडून कळायला नको. त्या मसुद्याच्या बाजूनं मी माझं पत्र गेल्या आठवड्यातच पाठवलंय."

"ऐका!" महिपतींनी मांडीवर थाप मारली. "घरातच फितुरी. लोणी भापकरचं रगात, दुसरं काय!"

हा टोला सून अनितासाठी होता. तिचं माहेर लोणी भापकर. ती दारात चहाची किटली घेऊन उभी होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या ओसरीवरच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती. तिनं किटली खाली ठेवली.

"रगात माझंच हाय तात्या, पण डोळं तिचं सोताचं हायती. बघू द्या की तिला."

"अनिता, तुझ्याच कुंकवाचा नवस हाय तो," यशराज म्हणाला.

"व्हय ना. मंग पंचवीस वर्षं मी भ्याले ते काय कमी हाय? ह्यांचा श्वास त्या पितळंत अडकलाय म्हणून तिकडं बघायलाबी भ्याले." ती सासूकडे वळली. "आत्या, मी लहान तोंडी बोलती. पण जो देव पोर देतो, तो तोडा काढला म्हणून पोर माघारी नेतो काय? असला कोता देव तुमी पन्नास वर्षं पुजला न्हाय."

ठमाबाईंनी सुनेकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

*

रमजान ओसरीच्या पायरीवर बसला होता. वरकुट्याचा. बाप या सर्कशीत माहूत होता, तोही माहूत. सकाळपासून तो खाली मान घालून दोरी वळत होता. आता त्याचे हात थांबले.

"आक्का, मी एक बोलू?"

"बोल की," ठमाबाई म्हणाल्या.

"मी सांगितलं हुतं. लई वर्षं झाली. थोरल्या मालकांना म्हणलं, तोडा आवळायलाय. मालक म्हणले, रमजान, देवाचं हाय ते. मंग मी परत कसं बोलायचं? दुसऱ्याच्या देवाच्या कामात मी कसं तोंड घालायचं?" त्यानं डोळे पुसले. "रोज कडूलिंबाचं तेल सोडतो आतून. बोट शिरायचं तवर बोटानं. आता काडीनं सोडतो."

ठमाबाईंच्या नजरेसमोर आपलीच बोटं आली. आपण वरून हळद दाबत होतो, आणि हा आतून काडीनं तेल सोडत होता. एकाच पायावर दोघांची सेवा चालली होती, आणि दोघं एकमेकांना काही बोलले नव्हते.

त्या उठल्या. ताट अनिताच्या हातात दिलं.

"यशा, हिकडं ये." तो जवळ आल्यावर त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शेहेचाळीस वर्षांचा तो बाप्या लहान पोरासारखा वाकला. "पोरी," त्या उत्कर्षाला म्हणाल्या, "काढ."

*

उत्कर्षानं भागूला द्यायची गुंगीची इंजेक्शनं मनातल्या मनात मोजून पाहिली होती, पण एकही लागलं नाही. रमजाननं खेळातला लोखंडी चौरंग आणला, ज्यावर भागू रोज बसून दाखवायची, आणि नुसतं पुटपुटला. भागूनं डावा पाय चौरंगावर ठेवला आणि डोळे मिटले.

आधी हळद धुवावी लागली. कोमट मिठाच्या पाण्याची एक घागर झाली, दुसरी झाली. पाणी पिवळं वाहिलं, मग करड्या रंगाचं. हळदीचे थर सुटत गेले तसे आतलं दिसायला लागलं आणि वास आला. यशराजनं तोंड फिरवलं. पितळेच्या वरची कातडी पितळेवर वाढून बसली होती, झाडानं तार गिळावी तशी.

"आई गं," अनिता म्हणाली.

रमजान आणि यशराज आळीपाळीनं करवत चालवत होते. पितळ तापू नये म्हणून महिपती पाणी सोडत होते; ते काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ठमाबाई भागूच्या सोंडेपाशी उभ्या राहिल्या. सोंडेचं टोक त्यांच्या हातात होतं आणि त्या पुटपुटत अथर्वशीर्ष म्हणत होत्या. करवत जेव्हा दुखऱ्या जागी जाई तेव्हा सोंडेचं टोक त्यांच्या मनगटावर घट्ट होई. पण मनगट दुखत नव्हतं. एका झटक्यात झाड उपटणारी ती सोंड किती बेतानं आपल्याला धरून आहे, हे ठमाबाईंना जाणवत होतं. त्यांचं अथर्वशीर्ष मध्येच कुठं थांबलं, त्यांनाही कळलं नाही.

तोडा दोन ठिकाणी कापला गेला. उत्कर्षानं तो कातडीतून सोडवला, हळूहळू, एकेक बोट. शेवटी तो चौरंगावर आपटून खाली पडला आणि त्याच्याबरोबर साखळी.

भागूनं डोळे उघडले. पाय तसाच चौरंगावर होता. तिनं सोंड खाली नेऊन घोट्याभोवती फिरवली. नुसतीच, न टेकवता. मग पाय उचलून जमिनीवर ठेवला. थोडा भार दिला. थांबली. आणखी भार दिला. मग तिनं मोठा श्वास सोडला. त्या श्वासानं खालचा चिंचेचा पाचोळा उडाला आणि समोरच्या सगळ्यांचे कपडे हलले.

ती चारही पायांवर उभी होती.

महिपती पुढं झाले. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला नाही. तिच्यासमोर गेले, जसे रिंगणात जायचे. रोजच्या सवयीनं ती पाय उचलेल म्हणून थांबले. भागूनं त्यांच्याकडे पाहिलं. पाय उचलला नाही.

"आता न्हाय उचलत," ते स्वतःशीच म्हणाले.

उत्कर्षा जखम धूत होती. तिनं वर न बघता, हळू आवाजात सांगितलं, "तो नमस्कार नव्हता तात्या. पायाला आराम देत होती ती."

महिपतींनी त्या पायाकडे पाहिलं. किती गावांनी तो पाय पाहून नारळ फोडले होते. किती बायांनी पोरं तिच्या पायाखालून नेली होती. आणि त्यांनी स्वतः, भोंग्यातून, "बघा, बघा, भक्ती बघा!" त्यांच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. मग बहात्तर वर्षांचा तो मास्तर, ज्यानं उभ्या जन्मात जनावरापुढं मान झुकवली नव्हती, चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्यानं भागूच्या चांगल्या पायाला डोकं टेकवलं.

भागू हलली नाही. मग तिनं सोंडेनं त्यांच्या पाठीवरून एकदा फुंकर घातली. त्यांना बाजूला होऊ दिलं. आणि निघाली.

"रमजान!" यशराज ओरडला. "साखळी..."

"साखळी अडकवायची कशात मालक?" रमजान म्हणाला.

*

ती मळ्यातून गेली. ऊस तुडवला नाही, बांधाबांधानं गेली. मागून सगळे. नीरेचं पाणी तपकिरी, भरून, काठाला लागलेलं. उत्कर्षा म्हणाली, जखमेला हे पाणी बरं नव्हे, पण तिचा आवाज तिलाच पटला नाही. परत आल्यावर पुन्हा धुईन, असं ती लगेच म्हणाली. भागूनं आधी डावा पाय पाण्यात घातला. मग सगळीच आत गेली, छातीपर्यंत, आणि सावकाश कुशीवर कलंडली. पाणी तिच्याभोवतीनं वळसा घेऊन जाऊ लागलं. सोंड तेवढी वर. रिंगणात तिनं हजारदा लोळून दाखवलं होतं. हे तसलं नव्हतं. हे कुणासाठी नव्हतं.

ठमाबाई काठावरच्या दगडावर बसल्या. आयुष्यभर ज्याला देव म्हटलं तो आज पहिल्यांदा दिसतोय असं त्यांना वाटलं. पूजेला बसलेला देव नव्हता तो. आपल्याशी काहीच देणंघेणं नसलेला, आणि म्हणूनच एवढा मोठा. त्यांनी हात जोडले नाहीत. हात जोडायचं सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "यशा, कागद आण. आणि कोरा बी आण."

यशराजनं दोन्ही आणले. हरकतीचा कागद त्यांनी घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला.

"आई, साठ माणसांचं पोट तंबूवर हाय. परवा फोन करतील, त्यांना काय सांगू?"

"मला बी ठावं न्हाय रं. तुमी, मी, तात्या, बसून काढू वाट. पण माणूस निदान फोन तरी करतंय, यशा. दुखलं तर सांगतंय. हिनं पंधरा वर्षं सांगितलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या." त्यांनी कोरा कागद उत्कर्षाच्या पुढं केला. "लिही. मसुदा ठीक हाय म्हणावं. माझी सही. पण माझी एक सूचना हाय, ती घालायला सांग."

"सांग आजी."

"सर्कशीतल्याच न्हाय, कुणाच्याच जनावराच्या अंगावर कायम राहील अशी वस्तू घालू नये. साखळी न्हाय, कडं न्हाय, तोडा न्हाय." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "देवाच्या नावानं बी न्हाय. हे लिही. देवाच्या नावानं बी न्हाय. आणि महिन्याला पाय धुऊन बघावेत. हळद न लावता."

उत्कर्षाच्या पेनातून कागदावर थेंब पडला का डोळ्यातून, तिनं तो पुसून टाकला आणि लिहीत राहिली. ठमाबाईंनी अक्षर अक्षर लावून सही केली. साक्षीदार म्हणून कुणी पाहिजे का, असं महिपतींनी मागून विचारलं. पाहिजेच असं काही नव्हतं. तरी उत्कर्षानं कागद त्यांच्याकडे दिला.

"वहिनी," सही करून ते म्हणाले, "न्हेली तिला तर तुमच्या जेवणाचं काय?"

सगळ्यांच्या मनात तेच होतं. ठमाबाईंनी रमजानकडे पाहिलं.

"तू जाशील तिच्यासंगं?"

"मी काय हितं पोपटं सांभाळत बसू?"

"मंग रोज सकाळी फोन करायचा. तिनं खाल्लं का, एवढंच सांगायचं. तिनं खाल्लं की मी खाईन. माझ्याच हातनं खाल्लं पायजे असा काय नेम न्हवता. तो मी धरून बसले हुते."

ऊन माथ्यावर आलं. अनितानं ताट आणून सासूच्या मांडीवर ठेवलं. भाकरी गार झाली होती, गूळ पाझरला होता. भागूची भाकरी आणि चहा सोडला तर घरात सकाळपासून काही रांधलं नव्हतं आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"हाक मारू का तिला आक्का?" रमजाननं विचारलं. "एका हाकंत यील."

"नको," ठमाबाई म्हणाल्या. "तिचं होऊ दे."

पाण्यात भागूनं कूस बदलली. ठमाबाईंनी ताटावरचं फडकं नीट केलं, आणि वाट पाहत बसल्या.